कमळ आधी दात बघायची

कमळ गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा होता. सकाळचे दहा वाजले असतील. नातीला, पाच वर्षांच्या अन्वीला, शाळेला सुट्टी होती, तिची आई कामावर गेली होती, आणि मी त्या माउलीच्या नकळत पोरीला दुधात बुडवून बुडवून बिस्किटं चारत होते. फोनवर कमळची सून रेश्मा. "बाई, आमच्या आई गेल्या… चहा घेत व्हत्या, छातीत कळ आली, कप खाली ठेवला नि गेल्या." एवढं ऐकल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल? हातातला पुडा उशीखाली दडवला. चाळीस वर्षांची सवय. कमळचं नाव निघालं की घरातलं गोड लपवायचं. मेलेल्या बाईच्या धाकानं बिस्किटं लपवणारी म्हातारी कुणी पाहिली नसेल तर त्यांनी नवीन पनवेलला आमच्या तिसऱ्या मजल्यावर यावं. थोड्या वेळानं पुडा बाहेर काढला, डब्यात ठेवला, आणि मग रडले. अन्वीनं विचारलं, "आजी, तुझा दात दुखतोय का?" …रडणाऱ्या माणसाला पाच वर्षांच्या पोरीनं नेमका हाच प्रश्न का विचारावा, हे लक्षात येण्याइतकी अक्कल मला त्या घडीला नव्हती. मला अक्कल नेहमी उशिरा येते. एकदा तर फारच उशिरा आली होती.

त्याच्या पंधरा दिवस आधी कमळ येऊन गेली होती. खाडीकाठच्या तिच्या गावातून रिक्षा करून यायची, सोबत पिशवीत वालाच्या शेंगा, वर्तमानपत्राच्या पुडीत सुका जवळा, आणि कमरेला खोचलेला तो आरसा. टिनाच्या पाठीचा, तळहाताएवढा, गोल. दाराशी चपला काढताना तिनं हाक मारली, "कुठं हाय आमची पोरगी?" आणि अन्वी पळत गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिला हा खेळ ठाऊक होता. कमळ मुलाला उन्हाकडे तोंड करून नाही, पाठ करून बसवायची, स्वतः बाजूला उकिडवी बसायची, आरशानं उन्हाचा कवडसा धरायची आणि तो बरोबर तोंडात सोडायची. बॅटरी तिला पसंत नव्हती. "बॅटरी पांढरं दाखवते, ऊन खरं दाखवते," असं तिचं म्हणणं. त्या दिवशी तिनं अन्वीच्या ओठाच्या कोपऱ्यात आंगठा घातला, गाल हलकेच बाहेर ओढला, कवडसा आत सोडला… आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. आरसा तिरका केला, परत सरळ केला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "काय गं, काळी जीभ आटली वाटतं आज?" ती हसली. म्हणाली, "जीभ हाय, बाई. पर तुमी कवा ऐकलंव?" मग अन्वीचा गाल सोडून तिनं विचारलं, "ही कुठल्या बाजूनं चावते?" मला काय माहीत? पोरगी जेवते की नाही हे आपण बघतो, कुठल्या बाजूनं चावते हे कोण बघतं! तसं मी म्हटलंही. "मंग बघा," ती म्हणाली. "तुमीच बघा." चहा अर्धा टाकून गेली. संध्याकाळी गॅलरी झाडताना दिसलं, आरसा कठड्यावरच राहिला होता. चाळीस वर्षांत जी बाई तो आरसा लग्नातसुद्धा कमरेवरून काढत नव्हती, ती तो विसरून गेली. मी म्हटलं, म्हातारी झाली बिचारी. आणि स्वतःवर खूश झाले, कारण ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती.

आमची ओळख झाली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. ती सत्तावीस वर्षांची सुधा आज मला रस्त्यात भेटली तर मी दुसऱ्या फुटपाथवर जाईन. खळ घातलेली साडी, खांद्याला पर्स, पर्समध्ये शिट्टी, आणि डोक्यात अशी पक्की समजूत की पनवेलच्या आसपासची सगळी मुलं आपलीच वाट बघत थांबली आहेत. आमच्या महिला मंडळानं खाडीजवळच्या एका गावात बालवाडी काढली होती. मी तिची चिटणीस, शिक्षिका, आणि माझ्या मते प्राण. कमळ मदतनीस. मुलांना घरोघरून गोळा करून आणायचं, नाकं पुसायची, खिचडी रांधायची, आणि महिन्यातून एकदा वजनाच्या दिवशी पोराला काट्याच्या झोळीत बसवायचं, ही तिची कामं. तिचं माहेर आपट्याचं. बाप बैलबाजारातला दलाल. सासर मिठागरावर राबणारं. चौथीपर्यंत शिकलेली, दाताला मिश्री लावणारी (हो, मिश्री; ती पुढं जन्मभर दुसऱ्यांच्या दातांवर बोलली, पण स्वतःची मिश्रीची डबी तिला शेवटपर्यंत सुटली नाही आणि यावर मी तिला जितकं छळलं तितकं कुणीच छळलं नसेल). मी तिला "अगं कमळ" म्हणायची, ती मला "बाई". वयानं, हुद्द्यानं, जातीनं, पायातल्या चपलेनं, सगळ्यानंच मी वरची आहे असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. पण ती मनातून तसं धरत नव्हती, हे मला पहिल्या वर्षाच्या अखेरीला कळलं.

त्या वर्षी मी सुदृढ बालक स्पर्धा भरवली. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, तेव्हा गावोगाव या स्पर्धा व्हायच्या. जाड ते सुदृढ. मांड्यांना किती वळ्या पडतात त्यावर माता धन्य व्हायच्या. वजन जाहीर सांगितलं तर दृष्ट लागते म्हणून एरवी काटा दिसला की पोराला पदराखाली घेणाऱ्या बायका त्या दिवशी मात्र पहाटेपासून पोरांना केळी, दूध नि वर तांब्याभर पाणी पाजून रांगेत. एका पोराच्या पायात चांदीचे वाळे, कमरेला चांदीचा करगोटा, आणि तपासलं तर लंगोटात एक वजनदार कुलूप. पहिला नंबर माझ्या मंदारचा आला. तो तीन वर्षांचा, गुटगुटीत, गालांत डोळे बुडालेले. परीक्षक बाहेरचे होते, निःपक्षपाती होते. फक्त दुपारचे जेवायला माझ्या घरी होते. मी बक्षिसाची ताटली हातात घेऊन फोटोसाठी उभी राहिले, मंदार कमळच्या कडेवर. आणि तिनं, काय वाटलं तिला कोण जाणे, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात आंगठा घातला. मंदारनं आ केला. सगळ्या बायकांसमोर कमळ म्हणाली, "बाई, ह्यो खोंड माझ्या बापानं घेतला नसता."

बायका हसल्या. तो हशा मला अजून ऐकू येतो. मंदारचे वरचे पुढचे चारही दात तपकिरी, खुंटासारखे झिजलेले होते, आणि ते मी रोज पाहत होते, आणि मला ते दिसत नव्हते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात दिल्याशिवाय तो झोपत नसे. मी बाटली देत होते कारण मला वळ्या हव्या होत्या. महिनाभर मी कमळशी कामापलीकडे बोलले नाही. शेवटी तीच बोलली. खिचडी ढवळता ढवळता तिनं मला बैलबाजार समजावून सांगितला. विकणारा आदल्या दिवशी जनावराला मीठ चाटवतो आणि सकाळी पोटभर पाणी पाजतो. पोट गोल दिसतं, कातडी तुकतुकते. नवखं गिऱ्हाईक पाठीवर थाप मारतं नि फसतं. तिचा बाप मात्र जनावराच्या पोटाकडे पाहायचाच नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिथं आंगठा घातला की बैल आपणहून तोंड उघडतो. मग वय कळतं, चारा चावतो की नुसता गिळतो ते कळतं, पुढच्या पावसाळ्यात उभा राहील की बसेल तेही कळतं. "पोट फसवतं, बाई," ती म्हणाली. "दात नाय फसवीत." मी म्हटलं, "मुलं काय जनावरं आहेत का?" ती म्हणाली, "नाय ना. जनावराचं तरी बघतात."

हे मी विनोद म्हणून घरी सांगितलं. नवऱ्याला फार आवडला.

पुढच्या हिवाळ्यात सोमी आली. दिवाळीनंतर गावाबाहेर वीटभट्ट्या लागायच्या आणि डोंगराकडची कातकरी कुटुंबं पावसाळ्यापर्यंत भट्टीवर राहायला यायची. सोमी त्यांतली, पाचेक वर्षांची, धाकट्या भावाला काखेत मारून बालवाडीच्या दाराशी उभी राहायची. कमळनं तिला आत ओढून आणलं. वजन केलं तर काटा जेमतेम हलला. मी वहीत तिच्या नावापुढं लाल खूण केली आणि कारणाच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: गरिबी. किती समाधान वाटलं ते लिहिताना! गरीब आहे म्हणून बारीक आहे. यात विचार करण्यासारखं उरलंच काय? औषधही मलाच सुचलं. शेंगदाण्याचा आणि गुळाचा लाडू, इतरांना एक, सोमीला दोन. ती लाडू घ्यायची आणि हातात धरून बसायची. खायची नाही. खिचडीसुद्धा नुसती गिळायची, पाण्याबरोबर. लाडू घरी न्यायची. मला वाटलं, भावासाठी ठेवते. मी मंडळाच्या सभेत तिच्या त्यागावर दहा मिनिटं बोलले. दोघी-तिघींनी डोळे पुसले. मीही पुसले.

कमळनं पुसले नाहीत. तिनं सोमीला अंगणात उन्हात बसवलं, आणि कुंकवाच्या पेटीतून हा आरसा काढला. तीच पहिली वेळ. भांग बघायचा तिचा आरसा, तो तिनं पोरीच्या तोंडाशी धरला आणि मला हाक मारली. मी गेले नाही, लांबूनच विचारलं. ती म्हणाली, "बाई, मागच्या दाढेला भोक हाय. हिरडीवर फोड हाय, पिवळी. ती लाडू खात नाय कारन तिला चावता येत नाय. हिला डाक्टरकडं न्या." मी हातातलं काम न सोडता म्हटलं, "अगं, दुधाचे दात ते. पडणारच आहेत. आधी तिचं वजन वाढू दे." ती हलली नाही. मग मी ते वाक्य बोलले. मला वाटतं माणूस जन्मभर हजारो वाक्यं बोलतो आणि त्यातलं एकच त्याच्या नावावर राहतं. मी म्हटलं, "दातानं कुणी मरतं का?"

आठ दिवसांनी सोमी आली नाही. कमळ भट्टीवर गेली. पोरीच्या गालावर हळद-चुन्याचा लेप होता आणि सूज जबड्याखालून गळ्यात उतरली होती. तोंड उघडत नव्हतं. श्वास घेताना घरघर. कमळनं तिला कडेवर घेतलं आणि भर दुपारी पनवेलपर्यंत आणलं, थोडं चालत, थोडं एका विटांच्या ट्रकमधून. तिथल्या डॉक्टरांनी धावपळ केली, मुंबईला न्यायला गाडी काढली. पोरगी वाटेतल्या कळंबोलीच्या पुढं गेली नाही. हे सगळं मला कमळनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, अंगण झाडता झाडता, माझ्याकडे न बघता. मी काय केलं? मला खोटं लिहिण्याची गरज नव्हती. त्या आठवड्यात सोमीचे आईबाप ती भट्टी सोडून गेलेच होते. मी वहीत लिहिलं: स्थलांतर. कमळ पाठीमागं येऊन उभी होती. "काय लिवलंव, बाई?" "गेली, असं लिहिलंय." ती चौथीपर्यंत शिकलेली, तिनं बोट ठेवून अक्षर न् अक्षर लावलं. मग म्हणाली, "कुठं गेली, त्ये नाय लिवलं."

पुढच्या चाळीस वर्षांत तिनं हा विषय एकदाही काढला नाही. तेवढी शिक्षा पुरेशी आहे हे तिला ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून आरसा कुंकवाच्या पेटीतून निघून तिच्या कमरेला आला तो आलाच. बालवाडी बंद पडली, मंडळ मोडलं, मी पुढं शाळेत नोकरी धरली. कमळ तोंडं बघत राहिली. बारशाला, लग्नाला, हळदीला, जत्रेत. हळदीच्या मांडवात डीजे चालू असायचा आणि ही एका कोपऱ्यात कुणाचं तरी पोर उन्हात धरून बसलेली असायची. जे दिसेल ते बोलायची, गोड करून बोलणं तिच्या बापानं शिकवलं नव्हतं. "ह्याचा गाल पावसाळ्याआधी सुजंल." "ही रातची रडते ना? दात हाय तो, भूत नाय." आणि तसं व्हायचं. मग बायकांनी उलटाच हिशेब मांडला: ही बोलते म्हणून होतं. काळ्या जिभेची कमळ. ती गल्लीत शिरली की आया पोरांना आत घ्यायच्या, दाराला लिंबू-मिरची लावायच्या. तिच्या स्वतःच्या पुतणीनं बाळाला तिच्यापासून वर्षभर लपवलं आणि दाखवलं तेव्हा त्याच्या कपाळावर एवढा मोठा काळा टिळा होता की कमळ म्हणाली, "अगो, टिळ्यात पोर कुठं हाय?"

तिच्या डोळ्यांसमोर गाव बदललं. मिठागरं गेली, जमिनी गेल्या, बंगले उठले, दारात गाड्या आल्या. तिच्याच नात्यातली पोरं मंदारसारखी झाली, गोल गोल, हातात सतत थंड गोड पाण्याच्या बाटल्या. आणि भट्टीवरच्या झोपड्यांत टपऱ्या पोचल्या, टपरीवर रंगीत पुड्यांच्या माळा. आई विटा थापत असताना पोरानं रडू नये म्हणून एक पुडी, नाहीतर साखरेच्या कोऱ्या चहात बुडवलेलं बिस्किट. एकदा ती मला म्हणाली, "बाई, आधी आमच्या पोरांचं दात काळं नि भट्टीवरच्यांचं बरं, एकादंच किडकं. आता दोन्हीकडं काळं. एक जाड नि एक काडी, पर तोंड उघडलं की भाऊ-भाऊ." मी शिक्षिका, मी म्हटलं, "हा सामाजिक प्रश्न आहे." ती म्हणाली, "आसंल. पर भोक दाढेत हाय."

तर असं सगळं मागं असताना, कमळच्या दिवसांना मी तिच्या गावी गेले. आरसा रुमालात गुंडाळून नेला होता, परत द्यायला. रेश्मानं रुमाल उघडून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, बाई. त्या दिवशी तुमच्याकडून आल्यावर मी विचारलं, आई, आरसा कुठं? तर बोलल्या, जागेवर ठेवून आले." घरी येईपर्यंत रिक्षात मी तो मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या मांडीवरून एक कवडसा रिक्षाच्या टपावर थरथरत होता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. कमळनं जे दिसलं ते बोलायचं कधीच टाळलं नव्हतं. सोमीच्या वेळी मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. यावेळी तिनं सांगितलंच नाही… तुमीच बघा, म्हणाली.

घरात मात्र आनंदीआनंद होता. माझी सून केतकी हिनं फ्रिजवर एक तक्ता लावला आहे, अन्वीच्या वजनाचा. पोरगी बापावर गेलेली. शाळेच्या तपासणीत वजन जास्त निघालं तेव्हापासून पोहण्याचा क्लास, मैदा बंद, साखर बंद (माझा पुडा सोडून). आणि दीड महिन्यात तक्त्यावरची रेघ खाली यायला लागली होती. केतकी मैत्रिणींना फोनवर सांगत होती, क्लासचा किती फरक पडला. मंदार मुलीला उचलून म्हणायचा, "हलकी झाली गं माझी चिमणी!" मी त्या रात्रीच्या नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला अन्वीच्या समोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका मुलाला जेवताना पाहिलं. पोळी तिनं वरणात भिजत टाकली. घास डावीकडे ढकलला. काकडीला हात लावला नाही; महिन्यापूर्वी काकडीसाठी भांडायची. दोनदा चावल्यासारखं केलं आणि पाणी पिऊन गिळला. पाण्याबरोबर. नुसता गिळला.

समोर अन्वी होती आणि मला दिसत होती सोमी. एक भट्टीवरची, एक तिसऱ्या मजल्यावरची. एकीचं वजन कमी होतं तेव्हा आम्ही म्हटलं गरिबी, दुसरीचं कमी झालं तेव्हा म्हटलं क्लास. दोघींची आजी-बाई मीच.

सकाळी नऊचं ऊन आमच्या गॅलरीत येतं. दुसऱ्या सकाळी मी अन्वीला बसवलं, आरसा धरला. कवडसा आधी तिच्या डोळ्यात गेला, मग नाकावर, मग भिंतीवर. "आजी, तुला येत नाही," ती म्हणाली. "कमळआजीला येतं." मी ओठाच्या कोपऱ्यात आंगठा घातला. तिनं आपणहून आ केला. उजवीकडे, खाली, सगळ्यात मागची दाढ. भोक एवढं की त्यात तीळ मावेल. आणि खाली हिरडीवर फोड. पिवळी. मी जबड्याखाली बोट फिरवलं तर ती दचकली. तिथं सुपारीएवढी गाठ होती.

मी मंदारला कामावरून बोलावून घेतलं. तो आला, वैतागलेला, केतकी त्याच्या मागून. मी सांगितलं. मंदार सोफ्यावर बसत म्हणाला, "आई, दुधाचे दात आहेत गं. पडणारच आहेत. शनिवारी नेऊ. दातानं काय कुणी मरतं का?"

माझा मुलगा. पहिला नंबर. बेचाळीस वर्षांचा, साखरेची गोळी घेणारा, दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेला, आणि ते वाक्य जसंच्या तसं, माझ्याच सुरात. हे मी त्याला कधी शिकवलं? बाटलीतल्या दुधाबरोबर गेलं असावं. मी त्याला म्हटलं, "मरतं. तिचं नाव सोमी होतं." आणि चाळीस वर्षांत नवऱ्यालासुद्धा जे सांगितलं नव्हतं ते उभ्या उभ्या सांगितलं. स्थलांतर या शब्दापर्यंत. केतकी मधेच उठली, तिनं अन्वीच्या पायात चपला चढवल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरली. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, त्याच दिवशी पुढच्या उपचाराला पाठवलं. सुईतून औषधं, तीन दिवस दवाखाना, मग दाढ काढली. कुणी आम्हाला रागावलं नाही. डॉक्टरीणबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "शनिवारपर्यंत थांबला नाहीत ते बरं झालं," आणि हात धुवायला गेल्या.

अन्वी आता काकडी खाते. फ्रिजवरची रेघ पुन्हा थोडी वर चढली आहे आणि केतकीनं तो तक्ता अजून काढला नाही, पण त्याच्या शेजारी तिनं एक कागद चिकटवला आहे: चावते का? माझा क्रीमच्या बिस्किटांचा पुडा जप्त झाला. तो मी दडवायचे ती उशी अन्वीनंच दाखवून दिली, फितूर कुठली.

आरसा गॅलरीच्या कठड्यावर असतो, ती ठेवून गेली त्याच जागी. सकाळी ऊन आलं की त्याचा कवडसा आत हॉलच्या छतावर पडतो आणि कुणी दार उघडलं की हलतो. शेजारी नवा टॉवर उठतो आहे. त्याच्या पत्र्याच्या कुंपणाला लागून कामगारांच्या झोपड्या आहेत. पंधरा दिवस झाले, मी नऊ वाजता आरसा घेऊन खाली उतरते. दोन मुलांची तोंडं बघून झाली, दोघांना दवाखान्यात पाठवलंही. पण परवा एका आईनं पोराला पदराखाली घेतलं आणि दुसरीला काहीतरी म्हणाली. तिची भाषा मला येत नाही, पण जिभेकडे बोट केलेलं कळतं. काळ्या जिभेची म्हातारी. कमळे, बघ गं, हुद्दा मिळाला मला.

हे लिहिता लिहिता आत्ताच खाली पाहिलं. कुंपणाच्या पत्र्याला टेकून एक मुलगी उभी आहे. पाचेक वर्षांची असेल, काखेत धाकटा भाऊ. हातात कुणीतरी दिलेलं बिस्किट आहे. मघापासून ती ते धरून उभी आहे. खात नाही.